‘अजून ठरलं नाही’ म्हणणाऱ्या मुलांना थोडा वेळ द्या

महाराष्ट्रातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांच्या सर्व प्राचार्यांना,



बारावीचा निकाल लागला की आपल्या सगळ्यांच्या कॉलेजांत प्रवेशाची धांदल सुरू होते. या धांदलीत जिच्याकडे कोणाचं नीट लक्ष जात नाही अशा एका मुलीसाठी हे पत्र लिहिते आहे. तिला गुण बरे आहेत, शिकायची इच्छा आहे, घरच्यांनी फीचे पैसे बाजूला काढून ठेवले आहेत. फक्त मेजर कोणता घ्यायचा हे तिचं ठरलेलं नाही. नीट किंवा सीईटी देऊन डॉक्टर-इंजिनिअरच्या वाटेला लागलेल्या मुलांसाठी क्लास आहेत, समुपदेशक आहेत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आहेत. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला येणाऱ्या या मुलीसाठी असतो तो आपल्या कॉलेजचा काउंटर आणि त्यामागे बसलेले आपण.

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते आणि बरीच वर्षं प्रवेश समितीवर काम करते. त्यामुळे काउंटरवर काय घडतं ते रोज डोळ्यांसमोर असतं. मुलगी येते, सोबत बहुधा आई, कधी काका. अर्ज महा-ई-सेवा केंद्रात नाहीतर झेरॉक्सच्या दुकानात भरलेला असतो. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस असे रकाने त्यावर ओळीने छापलेले असतात, आणि दुकानातल्या मुलाने आधीच्या अर्जात जे टाकलं तेच हिच्याही अर्जात टाकलेलं असतं. काउंटरवरचे सर विचारतात, ‘‘मेजर इतिहास लिहिलंय, नक्की ना?’’ मुलगी आईकडे पाहते. आई म्हणते, ‘‘सर, तुम्हीच सांगा कोणता चांगला.’’ मग मुलगी हळूच म्हणते, ‘‘सर, अजून ठरलं नाही.’’ मागे रांग वाढत असते, साइट मध्येच बंद पडलेली असते. ‘‘मग राहू दे इतिहासच, जागा आहेत,’’ असं म्हणून सर शिक्का मारतात आणि पुढच्याला हाक देतात.

सरांना दोष देण्यात अर्थ नाही. ते सकाळपासून तिथे बसलेले असतात आणि त्यांना त्याच दिवशी यादी अपलोड करायची असते. दोष आपण लावून दिलेल्या व्यवस्थेत आहे. ‘अजून ठरलं नाही’ हे तिचं उत्तर प्रामाणिक आहे, बरोबर आहे, आणि त्या उत्तरासाठी आपल्या अर्जात रकाना नाही. प्राचार्य म्हणून तो रकाना तयार करणं आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी मंत्रालयात किंवा विद्यापीठात जावं लागत नाही, एवढंच मला या पत्रात सांगायचं आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी मंजुरी दिली. डिसेंबर २०२२मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी अभ्यासक्रमाचा क्रेडिट आराखडा प्रसिद्ध केला. आपल्या राज्याने २० एप्रिल २०२३च्या शासन निर्णयाने तो स्वीकारला. स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५पासून तो लागू झाला. हे आपल्याला पाठ आहे. कार्यशाळांमधून आपण सगळेच हे ऐकून आलो आहोत. पण आयोगाच्या त्या आराखड्यात एक तरतूद आहे तिच्याकडे पुन्हा एकदा पाहावं असं मला वाटतं. दुसऱ्या सत्राच्या शेवटी विद्यार्थ्याला व्यापक विद्याशाखेच्या आत मेजर बदलता येतो, आणि त्यासाठी पहिल्या वर्षी निरनिराळे विषय चाचपून पाहायला त्याला पुरेसा अवधी द्यावा, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे आराखडा तयार करणाऱ्यांनी न ठरलेली मुलं गृहीतच धरली होती. काही विद्यापीठांनी पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाने ठेवून मेजर पुढच्या वर्षावर टाकला आहे, ते फार चांगलं केलं. इतर ठिकाणी मात्र तो पहिल्याच दिवशी अर्जात लिहावा लागतो, आणि बदलाच्या तरतुदीबद्दल मुलांना कोणी सांगत नाही.

जुन्या पॅटर्नमध्ये ही सोय आपोआप होती. पुणे विद्यापीठाच्या बी.ए.ला पहिल्या वर्षी प्रत्येक विषयाचा एक सामान्य पेपर असे, त्याला आपण ‘जी वन’ म्हणत होतो. एस.वाय.ला ‘स्पेशल’ ठरायचा. मधलं अख्खं वर्ष मुलगा राज्यशास्त्राच्या वर्गात बसलेला असे, भूगोलाच्या वर्गात बसलेला असे, आणि कोणत्या सरांच्या तासाला आपण घड्याळ बघत नाही हे त्याला कळलेलं असे. त्या पॅटर्नमध्ये पुष्कळ दोष होते. तरी एक वर्षाची ती उसंत चांगली होती, आणि ती द्यायचा सराव आपल्या विभागांना आहे.

मेजर-मायनरची रचना अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये घडली. तिचा इतिहास आपल्या उपयोगाचा आहे. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९नंतरच्या चाळीस वर्षांत ठरावीक अभ्यासक्रमाची सक्ती जवळजवळ काढून टाकली आणि मुलांना हवे ते विषय घेऊ दिले. परिणाम असा झाला की पुष्कळ मुलं सोपे, सुरुवातीचे कोर्स गोळा करून पदवीधर होऊ लागली. १९०९मध्ये अध्यक्ष झालेल्या लॉवेल यांनी मग दोन अटी घातल्या. एका विषयात पुरेसं खोल जायचं, आणि बाकीचे विषय वेगवेगळ्या विद्याशाखांतून घ्यायचे. आपला आजचा मेजर आणि ओपन इलेक्टिव्ह हे त्या अटींचेच वंशज आहेत. तिथे विद्यार्थी साधारणपणे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मेजर जाहीर करतो आणि तोवर त्याला सल्ला द्यायला एक प्राध्यापक नेमलेला असतो. आपण ती रचना घेतली, पण तो अवधी आणि तो सल्लागार प्राध्यापक मागेच राहिले. निवडीचं स्वातंत्र्य दिलं आणि सल्ला दिला नाही, तर मुलं काय करतात हे शंभर वर्षांपूर्वी तिकडे दिसलंच होतं.

काउंटरवर सल्ला द्यायचा तर काय द्यायचा, हा खरा कठीण प्रश्न आहे. ‘आवडेल ते घे’ हे मुलीला उपयोगाचं नाही, कारण काय आवडेल तेच तिला माहीत नाही. ‘स्कोप कशाला आहे’ या प्रश्नाला तर प्रामाणिक उत्तरच नसतं, बी.ए. पूर्ण होईपर्यंत बाजार बदललेला असतो. मी स्वतः मुलांना दुसरा प्रश्न विचारायला शिकवते: आज हा विषय सोडला, तर पुढे परत घेता येईल का?

विषय या बाबतीत सारखे नाहीत. गणित, संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, लेखाकर्म, जर्मन किंवा संस्कृतसारखी भाषा यांची रचना पायऱ्यांची आहे. पहिली पायरी चुकली की दुसरीवर उभं राहता येत नाही. ज्या मुलाने एफ.वाय.ला गणित सोडलं, त्याला टी.वाय.ला ‘आता गणित करतो’ म्हणणं जवळपास अशक्य असतं. याउलट समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान या विषयांत उशिरा शिरता येतं. ते विषय सोपे आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. त्यात पारंगत व्हायला आयुष्य पुरत नाही. पण वाचनाची सवय असलेला मुलगा विसाव्या वर्षी त्यांच्या दारात उभा राहिला, तर त्याला आत घेता येतं. इरावती कर्वे यांनी १९२६मध्ये फर्ग्युसन कॉलेजातून बी.ए. केलं ते तत्त्वज्ञान घेऊन. मग मुंबईला घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र, मग बर्लिनला मानववंशशास्त्रात डॉक्टरेट. ती वाट खुली राहिली, कारण पुढच्या प्रत्येक दारावर पुस्तक वाचणारं आणि प्रश्न विचारणारं माणूस हवं होतं.

म्हणून ज्याचं ठरलेलं नाही, त्याने पहिल्या वर्षी पायऱ्यांचा किमान एक विषय घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. विज्ञान शाखेत गणित सोडायची घाई नको. कला शाखेत संख्याशास्त्र, अर्थशास्त्र किंवा एखादी परकी भाषा यांपैकी काहीतरी हाताशी असावं. पुढे आवडलं नाही तर सोडता येतं. सोडलेलं पुन्हा धरणं फार जड जातं. माझ्याच विषयाचं उदाहरण सांगते. अर्थशास्त्र म्हणजे बेरोजगारी, महागाई, शेतमालाचे भाव, असं समजून मुलं येतात, आणि तसं समजणं चूक नाही. पण एम.ए.च्या चांगल्या संस्थांच्या प्रवेश परीक्षेत गणित आणि संख्याशास्त्र असतं. आयआयटीच्या जॅम परीक्षेत अर्थशास्त्राचा पेपर आहे, त्यात हे दोन्ही स्वतंत्र भाग आहेत. वाणिज्य शाखेत अकरावीला गणिताऐवजी एस.पी. (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतलेली, बी.ए.ला अर्थशास्त्रात उत्तम गुण मिळवलेली हुशार मुलगी टी.वाय.ला ‘मॅडम, मला पुढे अर्थशास्त्रच करायचंय’ म्हणत येते, तेव्हा तिला कॅल्क्युलस पहिल्यापासून शिकायला सांगावं लागतं. काही मुली जिद्दीने शिकतात. पुष्कळ जणी दुसरा विषय घेतात. एफ.वाय.च्या प्रवेशाच्या वेळी कोणी तिला दोन वाक्यं सांगितली असती, तर दोन क्रेडिटच्या ओपन इलेक्टिव्हमध्ये गणिताची ओळख तरी राहिली असती.

याचीच दुसरी बाजू अशी की काही परीक्षांना विषयाचं बंधन फारसं नसतं आणि मुलं ते आहे असं समजून घाबरतात. एमपीएससीच्या राज्यसेवेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. यूपीएससीचा वैकल्पिक विषय पदवीचाच असला पाहिजे असं नाही. तरीही ‘एमपीएससी करायचीय म्हणून’ पॉलिटिक्सच घेतलं पाहिजे अशी समजूत गावोगाव आहे. शाळेत शिक्षक व्हायचं असेल तर मात्र पदवीचा विषय महत्त्वाचा ठरतो, कारण बी.एड.ची अध्यापन पद्धती त्यावर अवलंबून असते. हे सगळं एका कागदावर मावतं. तो कागद काउंटरच्या काचेवर चिकटवलेला मी फार थोड्या कॉलेजांत पाहिला आहे.

मुलांना मी आणखी एक करायला सांगते: ग्रंथालयात जा, विषयाचं पहिल्या वर्षाचं पुस्तक बाजूला ठेव आणि तिसऱ्या वर्षाचं उघड. पहिल्या वर्षाचं पुस्तक पाहुण्यासारखं वागवतं. तिसऱ्या वर्षाचं पुस्तक घरात काय चालतं ते दाखवतं. मानसशास्त्राचं उदाहरण घ्या. गेल्या काही वर्षांत या विषयाला मुलींची गर्दी आहे. माणसाचं मन समजून घ्यायचं, समुपदेशक व्हायचं, ही ओढ खरी आहे. पण पुढच्या वर्षांत प्रयोग करायचे असतात, मानसशास्त्रीय चाचण्या द्यायच्या आणि तपासायच्या असतात, सरासरी आणि प्रमाण विचलन काढायचं असतं, जर्नल पूर्ण करायचं असतं. ज्या मुलीला हे आधी दिसतं ती एकतर तयारीने येते किंवा वेळेत दुसरीकडे वळते. भूगोलाचं उलटं आहे. शाळेतल्या नकाशा भरण्याच्या आठवणीने मुलं त्याला टाळतात. मग एखादा मुलगा जागा शिल्लक म्हणून भूगोलाला येतो, प्रात्यक्षिकात टेबलावर टोपोशीट पसरतं, समोच्च रेषांवरून आपल्याच तालुक्यातला डोंगर आणि ओढा त्याला ओळखू येतो, आणि त्याचा चेहरा बदलतो. तो मुलगा पुढे जीआयएस शिकतो. असा मुलगा नशिबाने त्या टेबलापाशी पोचला. नशिबावर न सोडता त्याला तिथे नेता येईल का, एवढंच मी विचारते आहे.

आता ओपन इलेक्टिव्हकडे येते, कारण तिथे आपण मुलांचं सर्वांत जास्त नुकसान करतो आहोत. शासन निर्णयाप्रमाणे हा विषय मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यायचा असतो. दोन क्रेडिट म्हणजे ३० तास. न ठरलेल्या मुलासाठी हे ३० तास म्हणजे परक्या घरात डोकावायची अधिकृत परवानगी आहे. प्रत्यक्षात बऱ्याच कॉलेजांत ज्या विभागाचा वर्कलोड कमी पडतो त्याचा ओपन इलेक्टिव्ह संपूर्ण वर्गाला लावला जातो. मुलाच्या हातात पर्याय म्हणून एकच नाव येतं.

वर्कलोडचं दुखणं मला परकं नाही. तासिका घटल्या की पद अतिरिक्त ठरण्याची भीती असते, आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सहकाऱ्यांचं तर महिन्याचं उत्पन्नच त्यावर असतं. एखाद्या विषयाला मुलं आली नाहीत तर एका कुटुंबाचं अन्न तुटतं, हे मी पाहिलं आहे. त्यामुळे प्रवेशाच्या दिवसांत प्रत्येक विभाग मुलांना आपल्याकडे ओढतो, त्याचा मला राग येत नाही. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने शिक्षकांची पदं वाचवण्याचा भार उचलायचा, हे कसं चालेल? पदांचा प्रश्न शासनाशी भांडूनच सुटला पाहिजे. त्या भांडणात मी आणि माझ्यासारखे अनेक जण आपल्या सोबत आहोत.

इतर विद्याशाखेतला एक कोर्स काय करू शकतो याचं आपल्या राज्याला सर्वांत जवळचं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं आहे. १९१३मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र, आणि त्याबद्दल त्यांच्या मनात गोंधळ नव्हता. पण तिथल्या तीन वर्षांत त्यांनी कोणते कोर्स केले त्याची यादी उपलब्ध आहे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन. ही यादी मी दर वर्षी एफ.वाय.च्या पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहिते. जातिसंस्थेच्या उगमावरचा त्यांचा पहिला महत्त्वाचा निबंध ९ मे १९१६ रोजी वाचला गेला तो गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या विभागाच्या वर्गात वाचलेला तो निबंध होता. बाबासाहेबांसारखी झेप प्रत्येकाची नसते हे मुलांनाही कळतं. तरी यादी वाचताना ती थांबतात, आणि कोणीतरी विचारतंच, ‘‘मॅडम, त्यांना एवढे विषय घेऊ कसे दिले?’’ या प्रश्नाचं उत्तर आपण, प्राचार्य महोदय, वेळापत्रकातून द्यायचं आहे.

वेळापत्रकाचा मुद्दा किरकोळ समजू नये. आमच्याकडे निम्म्याहून जास्त मुली आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून एसटीच्या पासावर येतात. प्रात्यक्षिकाचे विषय दुपारी असतात, आणि वस्तीकडे जाणारी शेवटची सोयीची गाडी त्याआधी सुटते. मग मुलगी भूगोल, मानसशास्त्र, संगणकाचा एसईसी यांच्यावर स्वतःच फुली मारते आणि आपल्या कागदोपत्री ते ‘विद्यार्थिनीची निवड’ म्हणून नोंदलं जातं. एका कॉलेजाने प्रात्यक्षिकांची एक तुकडी सकाळी घेतली आणि त्या विषयाला वाड्यांवरच्या मुली दिसू लागल्या. दुसरीकडे असं की ज्या विषयाची तुकडी विनाअनुदानित आहे त्याची फी काही पटींनी जास्त असते, आणि हा फरक बापाला काउंटरवर पैसे भरताना कळतो. तो फरक माहितीपत्रकात पहिल्या पानावर छापा. घरात त्यावर बोलायला चार दिवस मिळाले तर काही बाप मार्ग काढतात.

‘ठरत नसेल तर प्रवेश घेऊ दे, नंतर सोडता येतं, सर्टिफिकेट मिळतं’ असंही हल्ली ऐकते. पहिल्या वर्षाअखेर आणखी चार क्रेडिटचं कौशल्यविषयक काम करून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, तीन वर्षांच्या आत परत येता येतं, आणि सात वर्षांत पदवी पुरी करता येते, हे खरं आहे. गरजेपोटी शिक्षण थांबवावं लागणाऱ्या मुलांसाठी ती सोय मोलाची आहे. पण विषय आवडला नाही म्हणून बाहेर पडलेली मुलगी परत येईल, यावर मी तरी विसंबून राहणार नाही. गावाकडे अठरा वर्षांची मुलगी कॉलेज सोडून घरी बसली, की पुढचा विषय लग्नाचा असतो. मुलगा असेल तर कुठल्यातरी कंपनीच्या गोदामात किंवा डिलिव्हरीच्या कामाला लागतो आणि पगाराची सवय होते. तिला बाहेरचं दार दाखवण्याआधी आतल्या आत खोली बदलू द्या. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये तिने मिळवलेली क्रेडिट जमा असतात; मेजर बदलला म्हणून वर्ष बुडत नाही. ही साधी गोष्ट मुलांना आणि पालकांना माहीत नसल्यामुळे ‘आता घेतलंय तर ओढायचं’ म्हणून किती मुलं तीन वर्षं नावडता विषय ओढतात, ते आपण वर्गातल्या शेवटच्या बाकांवर पाहतोच.

तर माझं मागणं असं आहे. प्रवेशाच्या वेळी भरलेली मेजरची निवड तात्पुरती समजा आणि तसं पावतीवर छापा. पहिले तीन आठवडे कोणत्याही मुलाला आपल्या शाखेतल्या कोणत्याही विषयाच्या तासाला बसू द्या. हजेरी कशी लावायची यावर विभागप्रमुखांची एक बैठक पुरते. परीक्षेचे अर्ज भरायला त्यानंतर बहुतेक ठिकाणी पुरेसा अवकाश असतो, आणि तोवर विषयबदलाचे अर्ज घेता येतात हे आपल्या कार्यालयाला ठाऊक असतं. ते मुलांनाही ठाऊक होऊ द्या. त्या तीन आठवड्यांत प्रत्येक विभागाने नवख्या मुलांसमोर टी.वाय.चा एक तास जसा होतो तसा घ्यावा. भाषण नको, पीपीटी नको. तिसऱ्या वर्षाची मुलं प्रत्यक्ष काय करतात ते दिसू दे. आमच्या विभागात आम्ही शेतकऱ्याच्या कांद्याच्या पट्ट्या घेऊन बसतो. हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा जाता हातात काय राहिलं ते पट्टीवरूनच मांडतो, आणि तिथून किमतीच्या आलेखाकडे जातो. ज्यांच्या घरी तशा पट्ट्या खुंटीला अडकवलेल्या असतात ती मुलं पुढे सरकून बसतात. काही जणांना आलेख सुरू झाला की कंटाळा येतो, आणि तो कंटाळासुद्धा त्यांच्या उपयोगाचा आहे. जुलैत कळला हे बरं.

प्रत्येक प्राध्यापकाकडे एफ.वाय.ची थोडी मुलं सोपवा. मेंटॉर-मेंटीच्या फायली आपण नॅकसाठी ठेवतोच. त्यातल्या एका भेटीत फक्त विषयाबद्दल बोललं जावं. आणि ज्या प्राध्यापकाकडे मूल सोपवलं आहे त्याने त्याला स्वतःच्या विभागात ओढू नये, हा संकेत प्राचार्यांनी स्वतः घालून द्यावा. तो संकेत खालून येणार नाही.

राहिला दुसऱ्या सत्राअखेरचा बदल. त्याचा अर्ज कुठे मिळतो, कोणाकडे द्यायचा, नवा मेजर घेतला तर पहिल्या वर्षाचे कोणते पेपर भरून काढावे लागतील आणि शेवटची तारीख कोणती, हे फेब्रुवारीतच नोटीस बोर्डावर आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मराठीत लागलं पाहिजे, म्हणजे परीक्षेच्या आधी घरी विचार करता येईल. आणि त्या अर्जात ‘बदलाचे कारण’ असा रकाना ठेवणार असाल, तर त्यात एखाद्या मुलीने ‘वर्षभर बसून पाहिलं, दुसरा विषय जास्त आवडला’ एवढंच लिहिलं तरी ते कारण पुरेसं मानून सही करावी.

आपली,
अर्थशास्त्राची एक प्राध्यापिका